एपस्टीनच्या फायली : नावं बाजूला ठेवून नुसते कागद वाचले तर?

पानगळ (धागाकर्ती)

जेफ्री एपस्टीन म्हणजे अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणात अडकलेला आणि २०१९ मध्ये तुरुंगात मेलेला अमेरिकी धनाढ्य. त्याच्यावरचे सरकारी कागद खुले झाल्यापासून आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हिवाळाभर एकच प्रश्न फिरतोय. "आपल्याकडचं कोण कोण सापडलं गं?" मलाच विचारतात, कारण मी न्यू जर्सीत राहते आणि माझं पोटापाण्याचं कामच कागद तपासायचं आहे. कंपन्यांचे खटले चालतात तेव्हा दोन्ही बाजूंना ढिगांनी ईमेल एकमेकांच्या हवाली करावे लागतात. ते एकेक उघडायचे, कामाचे वेगळे काढायचे, वकील-अशिलातलं बोलणं काळं करायचं, पानाला नंबर पाडायचा. अकरा वर्षं हेच चाललंय. त्यामुळे ३० जानेवारी २०२६ ला अमेरिकेच्या न्याय खात्याने तीस लाखांवर पानं, दोन हजार व्हिडिओ आणि एक लाख ऐंशी हजार फोटो एका दमात जालावर ओतले, तेव्हा माझी नजर आधी गेली ती पानाच्या कोपऱ्यावर. 'ईएफटीए' (हे कागद खुले करायला लावणाऱ्या नोव्हेंबर २०२५ च्या कायद्याचं लघुरूप) आणि पुढे आठ आकडी नंबर. म्हटलं, चला, हे आपल्या गावचं आहे.

आधी एक अट. पीडितांची नावं इथे लिहायची नाहीत. बाहेर छापून आली असली तरी नाही. अपवाद एकच, व्हर्जिनिया जुफ्रे, कारण तिने २०१५ मध्ये एपस्टीनची साथीदार गिलेन मॅक्सवेल हिच्यावर बदनामीचा दावा लावला म्हणून तर जुने कागद कोर्टातून बाहेर पडायला लागले. एप्रिल २०२५ मध्ये तिने स्वतःचं आयुष्य संपवलं. कायदा झाला त्याच्या सात महिने आधी.

आता मुद्दा. 'फायली' म्हटलं की डोळ्यासमोर एक कपाट येतं आणि त्यात एक लाल वही. तसं काहीच नाही. फ्लोरिडातल्या पाम बीचच्या पोलिसांचे २००५-०६ चे कागद, एफबीआयचे, फ्लोरिडातल्या केंद्रीय वकिलांचे, न्यूयॉर्कमधल्या २०१९ च्या खटल्याचे, मॅक्सवेलच्या खटल्याचे, तुरुंगातल्या मृत्यूच्या चौकशीचे, जप्त केलेल्या कॉम्प्युटरांचे. सगळे ढीग एकावर एक. एकच ईमेल साखळीतल्या प्रत्येकाच्या खात्यातून आला की चार-पाच वेळा येतो, आणि एका प्रतीत काळं केलेलं नाव दुसऱ्या प्रतीत उघडं राहतं. हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना घोळ. नवशिक्यालाही पहिल्या आठवड्यात सांगतात.

मी ठरवलं की नाव टाकून शोधायचं नाही, तारखेने वाचायचं. सगळं वाचून होणं या जन्मी शक्य नाही. पण जेवढं वाचलं त्यात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते सप्टेंबर १९९६ च्या एका कागदाने. एका तरुण चित्रकार बाईने एफबीआयला कळवलंय की या माणसाने माझ्या लहान बहिणींचे फोटो चोरले, एक बहीण १२ वर्षांची, एक १६ ची. एवढंच. १९ डिसेंबर २०२५ ला पहिला गठ्ठा आला त्यात हा होता. ती बाई कित्येक वर्षं सांगत होती की मी तेव्हाच तक्रार केली होती, आणि ऐकणारे मान डोलावून 'बरं' म्हणत होते. पाम बीचच्या पोलिसांकडे पहिला फोन गेला तो मार्च २००५ मध्ये. मधली साडेआठ वर्षं मोजा.

म्हणून म्हणते, यात कोणाकोणाची नावं आहेत यापेक्षा कोणत्या टेबलावर कोणता कागद किती दिवस पडून होता, हे वाचण्यासारखं आहे.

ताकभात

छान धागा. वाचनखूण साठवली. मला बाळबोध प्रश्न पडलाय, ती 'क्लायंट लिस्ट' म्हणतात, बड्या गिऱ्हाइकांची यादी, ती मग आहे की नाही?

पानगळ

न्याय खातं आणि एफबीआयने जुलै २०२५ मध्ये दोन पानी टिपण काढलं, त्यात लिहिलं की अशी यादी सापडली नाही, पीडित हजाराच्या वर आहेत आणि ३०० गिगाबाइटहून जास्त माल हाताशी आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मात्र अॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुख, पॅम बॉन्डी यांच्याकडून समाजमाध्यमांवरच्या काही मंडळींना जाड फोल्डर वाटले गेले होते. 'पहिला टप्पा' म्हणून. उघडून पाहिलं तर बहुतेक जुनाच माल. आधी वाजंत्री आणि मग 'वरातच नाही' म्हणाल्यावर लोक खवळले, यात नवल काय.

माझं मत विचाराल तर असले लोक यादी करत नाहीत. आपल्याकडे सावकारसुद्धा खरी वही दुकानात ठेवत नाही. जे आहे ते पत्त्यांची डायरी, विमानाच्या फेऱ्यांच्या नोंदी, निरोपांचे पॅड, बँकेचे व्यवहार. त्यातून जोडायचं असतं, आणि जोडायला पोलीस लागतात, वाचक नाही.

शेवटची लोकल

हे सगळं ठीक आहे हो ताई, पण मूळ प्रश्न तुम्ही शिताफीने टाळलात. एपस्टीन मेला की मारला? कॅमेऱ्यातलं नेमकं एक मिनिट गायब कसं होतं? इतकी महत्त्वाची कोठडी आणि दोन्ही पहारेकरी झोपलेले? आमच्या डोंबिवली स्टेशनवर पाकीट मारलं तरी सीसीटीव्ही निघतो!

पानगळ

टाळलं नाही, त्याच्यावरही कागद आहेत आणि ते चांगले आहेत. १० ऑगस्ट २०१९, मॅनहॅटनचं मेट्रोपॉलिटन करेक्शनल सेंटर. शहराच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकांनी गळफास घेऊन आत्महत्या असा निष्कर्ष दिला. न्याय खात्याच्या महानिरीक्षकाचा अहवाल जून २०२३ मध्ये आला, तो जरूर वाचा, कारण तो कोणालाही पाठीशी घालत नाही. आदल्या दिवशी त्याच्या कोठडीतला दुसरा कैदी हलवला, एकट्याला ठेवायचं नाही असा आदेश असून त्याच्या जागी कोणी दिला नाही. दर अर्ध्या तासाची फेरी मारलीच नाही आणि वहीत मारल्याचं लिहिलं. त्या दोघा पहारेकऱ्यांवर खोट्या नोंदींचा गुन्हा दाखल झाला, पुढे समझोत्यात मागे घेतला. कॅमेरे लागलेले होते पण बहुतेकांचं रेकॉर्डिंगच होत नव्हतं.

एका मिनिटाचं म्हणाल तर : जुलै २०२५ ला दिलेल्या चित्रीकरणात मध्यरात्रीच्या आधीचं मिनिट नव्हतं. यंत्रणा रोज रात्री नव्याने चालू होते म्हणून, असं बॉन्डी म्हणाल्या. सप्टेंबरमध्ये संसदेच्या समितीने जी प्रत खुली केली तिच्यात ते मिनिट होतं. त्यात विशेष काही दिसत नाही. पण मग आधी नाही का म्हणालात? संशयाला खतपाणी कोण घालतं ते बघा.

शेवटची लोकल

म्हणजे तुमचं म्हणणं नुसता गलथानपणा?

पानगळ

माझं म्हणणं, अहवाल सांगतो ते. गलथानपणा म्हणजे निर्दोष असं मात्र मी म्हणणार नाही.

खानदेशी ठेचा

वाचताना आमच्या जळगावचं वासनाकांड आठवलं. १९९४. मी तेव्हा आठवीत. घरात पेपर लपवून ठेवायचे. मीरां बोरवणकर बाईंनी तपास केला, पण मुली साक्षीला पुढे यायच्या नाहीत. कोण येईल? लग्नं व्हायची होती. शेवटी बहुतेक आरोपी सुटले. गावात आजही नाव काढलं की माणसं विषय बदलतात.

काळा डगला

ठेचासाहेब, तुलना अगदीच अस्थानी नाही. पण अमेरिकेच्या प्रकरणात वेगळी गोष्ट अशी की मुली बोलल्या होत्या. मी छत्रपती संभाजीनगरला खंडपीठात वकिली करतो, फौजदारी बाजू. गेल्या महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली तेव्हा हे प्रकरण मुळापासून वाचून काढलं. थोडं लांबण लावतो, चालेल का?

पाम बीचचे पोलीस अधिकारी (तपास अधिकारी जोसेफ रिकॅरी आणि त्यांचे प्रमुख मायकेल रायटर) यांनी जे काम केलं ते कोणत्याही ठाण्याने करावं असं होतं. एपस्टीनच्या बंगल्याबाहेरचा कचरा उचलून चाळला. त्यात निरोपांच्या पॅडची फाटलेली पानं मिळाली. कोण मुलगी किती वाजता येणार, तिचा फोन नंबर. मुलींचे जबाब एकमेकींना न भेटता जुळत होते. ऑक्टोबर २००५ मध्ये झडती घेतली तर कॉम्प्युटर आधीच नेलेले, नुसत्या वायरी लोंबकळत होत्या. खबर कोणी दिली असेल ते तुम्हीच ठरवा.

मग आला सरकारी वकील. बॅरी क्रिशर. त्याने प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे नेलं. ग्रँड ज्युरी म्हणजे आरोपपत्र ठेवण्याजोगं काही आहे का हे बंद दाराआड ठरवणारं नागरिकांचं मंडळ, आपल्याकडे असं काही नाही. तिथलं कामकाज गुप्त. फ्लोरिडाने २०२४ मध्ये खास कायदा करून त्या वर्षीच्या १ जुलैला ते उघड केलं. वाचून माझ्यासारख्या मुरलेल्या माणसाला मळमळलं. सरकारी बाजूचाच वकील अल्पवयीन मुलीला विचारतो की तू गुन्हा करते आहेस हे तुला माहीत होतं ना. निकाल काय, तर वेश्यागमनासाठी मागणी घालण्याचा एक आरोप. बस्स.

रायटरने मे २००६ मध्येच क्रिशरला पत्र लिहून सांगितलं होतं की तुम्ही या प्रकरणातून बाजूला व्हायचा विचार करा. एका शहराच्या पोलीसप्रमुखाने सरकारी वकिलाला असं लिहिणं म्हणजे काय, ते आमच्या क्षेत्रातल्या माणसाला विचारा. मग तो सगळी फाइल घेऊन एफबीआयकडे गेला.

बारीक शेव

वकीलसाहेब येऊ द्या पुढचं. तोवर अवांतर : १९ डिसेंबरची आम्ही पाट मांडून वाट बघत होतो. पृथ्वीराजबाबा चव्हाणांनी त्या मुहूर्तावर मराठी पंतप्रधानाचं सूतोवाच केलं होतं. पहिला गठ्ठा आला, दुसरा आला, मराठी माणूस अजून मुंबई-पुणे द्रुतगतीवर खंडाळ्यालाच अडकलाय. हलके घ्या.

आणि गंभीर प्रश्न, आपल्या पंतप्रधानांच्या इस्रायल दौऱ्याबद्दलची एपस्टीनची ती ईमेल. तिचं काय?

पानगळ

हसले. ईमेलबद्दल माझ्या धंद्याचा नियम सांगते. जुलै २०१७ मध्ये इस्रायल दौरा झाला, हे जगाला माहीत आहे. ईमेलमध्ये त्याच्यावर जे चढवलंय ते लिहिणाऱ्याचं. आपल्या परराष्ट्र खात्याने ३१ जानेवारीलाच ते झटकून टाकलं. एकाने दुसऱ्याला मारलेली फुशारकी हा फक्त फुशारकीचा पुरावा असतो. हा माणूस ओळखीपाळखीवरच जगत होता, 'मी अमक्याला सल्ला दिला' हे त्याचं भांडवल. कोणत्याही पक्षाचा माणूस असो, मी हाच नियम लावते. ट्रम्प आणि बिल क्लिंटन दोघांचाही उल्लेख कागदांत पुन्हा पुन्हा येतो, दोघांनी गैरकृत्य नाकारलंय, दोघांवरही या प्रकरणात आरोपपत्र नाही. ज्याला जो नावडतो त्याची पानं तो फिरवतो.

आणखी दोन मासले देते.

डिसेंबरच्या गठ्ठ्यात एक पत्र निघालं, एपस्टीनने तुरुंगातून दुसऱ्या एका गाजलेल्या लैंगिक गुन्हेगाराला लिहिलेलं म्हणे. तासाभरात जगभर. पाकिटावरचा शिक्का बघायचं कोणाला सुचलं नाही. तो उत्तर व्हर्जिनियाचा होता आणि एपस्टीनच्या मृत्यूनंतर तीन दिवसांचा. माणूस न्यूयॉर्कला कैदेत होता, पत्र कुठून टाकणार? एफबीआयने पत्र बनावट असल्याचं सांगितलं. पण फायलीत आलेला प्रत्येक कागद ठेवायचाच असतो, खोटासुद्धा. लोकांनी फोन करून दिलेल्या 'टिप' तशाच आहेत. त्यात वेडे आहेत, सूड उगवणारे आहेत, आणि खरेही आहेत.

दुसरा मासला जास्त वाईट. फेब्रुवारीत अमेरिकी खासदार रो खन्ना यांनी न काळी केलेली पानं पाहून आल्यावर सभागृहात सहा पुरुषांची नावं वाचून दाखवली. 'ही का लपवली' म्हणून. त्यातले चौघे निघाले साधे लोक. न्यूयॉर्क पोलिसांनी ओळखपरेडीसाठी संशयिताच्या फोटोशेजारी भलत्याच लोकांचे फोटो लावले होते, त्यातले. एपस्टीनशी काडीचा संबंध नाही. हेच खन्ना कायदा आणण्यासाठी सगळ्यात जास्त झटले, हेही खरं. चांगल्या माणसाकडून होतं ते असं होतं.

निवांत पावटा

मी तर म्हणतो सरकारने टाकलंय ना, मग लोक वाचणारच. हे बघा एक भारी पान सापडलं, इथे देतो : [प्रतिसाद संपादित]

संपादक मंडळ

निवांत पावटा यांच्या प्रतिसादातलं चित्र आणि दुवा काढून टाकला आहे. चित्रात एका पीडितेचं नाव आणि फोन नंबर वाचता येत होता. धागाकर्तीने अट वर स्पष्ट लिहिली आहे. पुन्हा घडल्यास खातं गोठवावं लागेल.

निवांत पावटा

अरे पण ते अमेरिकन सरकारच्या साइटवर होतं! मी काय घरी छापलं? तिकडे चालतं आणि इथे नाही?

काळा डगला

इथे मुळीच चालत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, पूर्वीचं भादंवि २२८अ. बलात्कार पीडितेची ओळख पटेल असं काही छापलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. मूल असेल तर पोक्सोचं कलम २३ आणखी वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात तर सांगितलंय की अशा गुन्ह्यांचा एफआयआरसुद्धा सार्वजनिक करू नका. ही कलमं आपल्या इथल्या गुन्ह्यांसाठी आहेत, अमेरिकेतल्या बाईला लागू होतील का हा वादाचा विषय, पण त्या वादात तुम्ही आरोपी म्हणून उभे राहावं असं मला वाटत नाही.

पानगळ

पावटेसाहेब, राग मानू नका, पण 'तिकडे चालतं' हेही खरं नाही. तोच तर घोटाळा झाला. कायद्यात शब्द आहेत : पीडितांची ओळख झाका, बाकी कोणाची नामुष्की, बदनामी किंवा राजकीय अडचण हे कारण सांगून काहीही झाकू नका. झालं बरोबर उलटं. पुरुषांची नावं काळी आणि मुलींची उघडी, असं पानामागून पान. काहींचे उघडे फोटोसुद्धा तसेच गेले. पीडितांच्या वकिलांनी आरडाओरडा केल्यावर हजारो कागद साइटवरून उतरवले. तोवर लोकांनी उतरवून घेतले होते. तुमच्याकडे आलेलं पान बहुतेक त्यातलंच.

असं का होतं तेही सांगते. साठ लाखांच्या आसपास पानं 'कदाचित लागू' म्हणून काढली असं खात्यानेच सांगितलं. कायद्यावर सही झाली १९ नोव्हेंबरला, मुदत ३० दिवसांची. शेकडो वकील बसवले तरी माणसाचे डोळे दिवसाला ठराविकच पानं वाचतात. डिसेंबरच्या काही कागदांत तर काळी पट्टी नुसती वर चिकटवलेली होती. मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की खालचं सगळं वाचता येत होतं. आमच्याकडे हे केलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी घरी बसले असते. बॉक्स काढायचा आणि मग तो पानात 'जाळायचा' असतो, खालचा मजकूर पुसून. ही शेवटची पायरी विसरली की सगळं फुकट.

मात्र वेळ कमी पडला ही सबबसुद्धा अर्धीच. हे कागद काही काल आकाशातून पडले नाहीत. २०१९ पासून त्यांच्याच कपाटात होते.

निवांत पावटा

ओके. चूक झाली. माझ्या मोबाइलमधूनही काढून टाकलं.

ताकभात

मी सातवी-आठवीला शिकवते. मला यात एक कळत नव्हतं की इतक्या मुली, इतकी वर्षं, एकीनेही घरी कसं सांगितलं नाही. मग तो पोलिसांचा जबाब वाचला. मसाजचे दोनशे डॉलर. आणि मैत्रिणीला घेऊन आलीस तर तिला आणल्याचे वेगळे. म्हणजे जी फसली तिलाच पुढचीला फसवायला लावलं. आता ती घरी काय सांगणार? तिच्या मते ती स्वतःच गुन्हेगार. माझ्या वर्गातल्या मुली वहीची पानं फाडली तरी आठवडाभर घाबरून असतात.

खानदेशी ठेचा

हेच. हेच जळगावला होतं, फोटोंच्या धाकावर.

शेवटची लोकल

ताई, ते '३०२' म्हणून सारखं येतं ते काय? मी म्हटलं खुनाचं कलम लावलं की काय शेवटी!

पानगळ

नाही हो. एफबीआयच्या मुलाखतीच्या फॉर्मचा नंबर ३०२. एजंटाने साक्षीदाराशी बोलल्यावर आपल्या शब्दांत लिहिलेली हकीकत. शपथेवरचा जबाब नव्हे, साक्षीदाराची सहीही नसते. त्यामुळे ३०२ मध्ये आहे म्हणजे सिद्ध झालं असं नाही, आणि क्षुल्लक आहे असंही नाही.

काळा डगला

मघाचं पुढे लिहितो. रात्र झाली, पण आज संपवतोच.

मे २००७. मायामीच्या केंद्रीय वकिलांच्या कार्यालयात एका सहायक वकील बाईंनी ८२ पानी टिपण आणि ५३ पानी आरोपपत्राचा मसुदा तयार केला. सगळं तयार. नुसतं दाखल करायचं. वरचे साहेब अलेक्झांडर अकोस्टा. पलीकडे नामांकित वकिलांची फौज. चार महिने घासाघीस झाली आणि २४ सप्टेंबर २००७ ला करार : केंद्र सरकार खटला भरणार नाही, एपस्टीनने राज्याच्या कोर्टात त्यामानाने हलके दोन गुन्हे कबूल करायचे. आणि त्याच्याबरोबर नावानिशी चार साथीदारांना, शिवाय 'इतर कोणत्याही संभाव्य साथीदारांना' अभय. मी बत्तीस वर्षांत अनामिक माणसांना आगाऊ माफी दिलेली पाहिली नाही. याच कलमाचा आधार घेऊन मॅक्सवेल सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली की मलाही न्यूयॉर्कमध्ये खटल्यापासून संरक्षण होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टाने ऐकायला नकार दिला, म्हणून तिची वीस वर्षांची शिक्षा टिकली.

३० जून २००८ ला एपस्टीनने कबुली दिली. शिक्षा १८ महिने, भोगली साधारण १३. त्यातही आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला बारा तासांपर्यंत बाहेर, स्वतःच्या ऑफिसात 'कामाला'. आमच्या हर्सूल जेलमध्ये पॅरोलसाठी आईच्या तेराव्याला माणूस रडत असतो.

बारीक शेव

आणि अकोस्टा?

काळा डगला

पुढे ट्रम्प यांचे कामगारमंत्री झाले. मायामी हेराल्डच्या जुली ब्राउन या पत्रकार बाईंनी नोव्हेंबर २०१८ मध्ये मालिका छापली, ८० च्या आसपास पीडित शोधून काढल्या, ६ जुलै २०१९ ला टेटरबरो विमानतळावर एपस्टीनला अटक झाली आणि आठवड्याभरात साहेबांचा राजीनामा. न्याय खात्याच्या अंतर्गत चौकशीने २०२० मध्ये म्हटलं : निर्णयात कमी पडले, पण गैरवर्तन नाही. त्याच अहवालात आणखी एक गंमत आहे. अकोस्टांच्या खात्यात आलेल्या २००७-०८ मधल्या ईमेलींचा मोठा तुकडा सापडतच नाही. तांत्रिक कारण.

पानगळ

टेटरबरो माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. दर शनिवारी भाजी आणायला त्याच रस्त्याने जाते.

तो ईमेलींचा तुकडा वाचून मला रात्री झोप लागली नव्हती. नेमका त्याच काळातला. आमच्याकडे असं झालं तर न्यायाधीश समोरच्या पक्षाला सांगतो की हरवलेलं त्यांच्याविरुद्ध होतं असं धरून चाला. इथे समोरचा पक्षच नव्हता.

शेवटची लोकल

बघा! आता कोण कट म्हणतंय!

पानगळ

मी नाही. मी 'मोठा तुकडा सापडत नाही' एवढंच म्हणते. तिथे थांबायला शिकायला मला पहिली दोन वर्षं लागली.

खानदेशी ठेचा

पैशाचं कोणी बोललं नाही. इतका पैसा बँकेतून रोख निघत होता आणि बँकेला पत्ताच नाही?

पानगळ

जेपी मॉर्गनने २०२३ मध्ये पीडितांना २९ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं, डॉइश बँकेने साडेसात कोटी. चूक कबूल न करता, अर्थातच. यावर स्वतंत्र धागा निघेल, मला बँकिंगमधलं फार कळत नाही.

ताकभात

वकीलसाहेब, एक राहिलं. सप्टेंबरमध्ये करार झाला तेव्हा त्या मुलींना काय सांगितलं? त्यांना बोलावलं असेलच ना?

काळा डगला

नाही. तिकडे २००४ चा पीडितांच्या हक्कांचा कायदा आहे, सरकारी वकिलाने पीडितांशी सल्लामसलत करायची असं सांगणारा. करार गुप्त ठेवला. फ्लोरिडातली एक पीडिता जुलै २००८ मध्ये कोर्टात गेली. साडेदहा वर्षांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, न्यायाधीश केनेथ मारा यांनी तिच्या बाजूने निकाल दिला की सरकारने कायदा मोडला. २०२१ मध्ये वरच्या कोर्टाने तिची मागणी फेटाळली. केंद्राने खटलाच भरला नव्हता, म्हणून हा हक्क असा स्वतंत्र दावा लावून मागता येत नाही, असं कारण. खटला भरला नाही ही तर तिची तक्रार होती.

ताकभात

पण काहीतरी कळवलं असेल. एखादं पत्र.

काळा डगला

पत्रं गेली. जानेवारी २००८ मध्ये, एफबीआयकडून. तपास चालू आहे, वेळ लागेल, धीर धरा.

ताकभात

करार सप्टेंबरला. आणि हे जानेवारीत?

काळा डगला

हो. आणि मुलींना काय कळवायचं, कधी कळवायचं, यावर सरकारी वकिलांचा पत्रव्यवहार चालू होता तो एपस्टीनच्या वकिलांशी. तो मारांच्या निकालपत्रात आहे, तारीखवार.